छेद कुठे आहे? – जोखमीच्या मोजमापाची कहाणी

अपूर्णांक शिकवताना आपण मुलांना सांगतो की रेघेच्या वर असतो तो अंश आणि खाली असतो तो छेद. मुले ते पाठ करतात, उदाहरणे सोडवतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. मात्र वर्गाबाहेर पडले की छेद दिसेनासा होतो. ‘तापाने चाळीस दगावले’, ‘नव्या औषधाने शंभर बरे झाले’ अशा बातम्या आपण रोज वाचतो. चाळीस हा अंश झाला. तो किती जणांपैकी, हे बहुधा कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्राच्या पहिल्या काही तासांत जे शिकवतात, त्यातला मोठा भाग या एका प्रश्नात सामावलेला आहे. जोखीम म्हणजे एक अपूर्णांक. ठरावीक काळात जितक्या माणसांना एखादी गोष्ट होऊ शकली असती तितकी माणसे छेदात, आणि त्यांपैकी जितक्यांना ती खरोखर झाली तितकी अंशात. इतकी साधी गोष्ट नीट करायला माणसाला दोनशे-अडीचशे वर्षे लागली. त्या प्रवासातले काही महत्त्वाचे टप्पे मुंबईत आणि बडोद्याजवळच्या एका खेड्यात घडले. तीच ही हकिकत.

बोस्टनमधील हिशेब

सुरुवात मात्र दूरची आहे. १७२१ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात देवीची मोठी साथ आली. एडवर्ड जेन्नरची लस यायला अजून पाऊणशे वर्षे होती. पण देवीच्या फोडातला थोडा पू निरोगी माणसाच्या कातडीत टोचायचा, म्हणजे रोग सौम्य येतो आणि पुन्हा येत नाही, ही युक्ती आशिया आणि आफ्रिकेत पूर्वीपासून माहीत होती. कॉटन मॅदर या धर्मोपदेशकाला ती त्याच्याकडील ओनेसिमस नावाच्या आफ्रिकी गुलामाने सांगितली. झॅबडिएल बॉयल्स्टन या वैद्याने ती करून पाहिली आणि शहर त्याच्यावर उलटले. जाणूनबुजून देवी अंगात घालायच्या म्हणजे खून करण्यासारखेच, असे लोकांचे म्हणणे होते. त्यातच टोचलेल्यांपैकी सहा माणसे मेली.

बॉयल्स्टनने उत्तर दिले ते छेद मांडून. टोचलेल्या २४२ जणांत ६ मृत्यू, म्हणजे शेकडा अडीच. आपोआप देवी आलेल्या सुमारे ५,९०० जणांत ८४४ मृत्यू, म्हणजे शेकडा चौदा. वादात छेद असा उघडपणे मांडला गेल्याचे हे एक जुने आणि ठळक उदाहरण आहे.

तरीही हिशेबात एक खोच राहते. शेकडा चौदा ही जोखीम देवी आलेल्यांची. ज्याला अजून देवी आल्या नाहीत आणि कदाचित येणारही नाहीत, अशा निरोगी माणसाने आपली जोखीम किती धरायची? बोस्टनची वस्ती सुमारे ११,००० होती. सगळे शहर छेदात धरले तर ८४४ मृत्यूंचे प्रमाण शेकडा आठाच्या आत येते. पण शहरात पूर्वी देवी येऊन गेलेले लोकही होते आणि त्यांना भीती नव्हती. ते वगळले की छेद लहान होतो आणि जोखीम पुन्हा वाढते. अंश एकच, पण छेद बदलला की प्रश्न बदलतो. हे लक्षात ठेवून आता मुंबईला येऊ.

पळून गेलेला छेद

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले. नंतरचा इतिहास आपण शाळेत शिकवतो. पुण्यात रँडच्या अमलाखाली झालेल्या घरझडत्या, २२ जून १८९७ चा चापेकर बंधूंचा गोळीबार, आणि त्याआधी १० मार्च रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा झालेला मृत्यू. या साथीने १८९६ नंतरच्या दोन-अडीच दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

मुंबईत प्लेगने किती माणसे मरत होती, हे दर आठवड्याला छापून येई. पण त्या आकड्यांवरून जोखीम काढणे कठीण होते. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. प्लेग सुरू झाल्यावर काही महिन्यांतच लाखो लोक शहर सोडून गावी गेले. म्हणजे कागदावर छेद आठ लाखांचा आणि प्रत्यक्षात शहर अर्धे रिकामे. एखाद्या आठवड्यात मृत्यू कमी झाले तर साथ ओसरली म्हणायचे, की मरायला माणसेच उरली नाहीत म्हणायचे? शिवाय अंशही भरवशाचा नव्हता. रुग्ण सापडला की घर उचकटतात, माणसाला इस्पितळात नेतात, घरच्यांना छावणीत ठेवतात, या धास्तीने लोक आजारी माणसे लपवत होते.

अशा शहरात ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्डेमार हाफकिन आले. १८६० साली ओडेसा येथे जन्मलेले हे जंतुशास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून, पटकीची लस घेऊन १८९३ साली हिंदुस्थानात आले होते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवायचे, त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे म्हणजे त्यांना धरून जंतूंचे झुबके खाली लोंबतात, मग उष्णता देऊन ते मारायचे आणि थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे, अशी त्यांची कृती होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली.

लस घेतल्यावर माणूस मेला नाही, यावरून ती निदान घातक नाही इतके कळते. ती प्लेगपासून वाचवते का, हे कळायला अपूर्णांक हवा, आणि त्यासाठी ज्या ठिकाणी छेद पक्का आहे असे ठिकाण हवे.

हजेरी होणारी जागा

असे ठिकाण लवकरच मिळाले. जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तुरुंगातून कुणी गावी पळून जात नाही. रोज हजेरी होते. सर्वांचे अन्न एक, पाणी एक, छप्पर एक. आजारी माणूस लपत नाही. जोखीम मोजायला जे जे लागते ते सारे तिथे होते.

सुमारे दीडशे कैदी स्वखुशीने टोचून घ्यायला तयार झाले. बाकीचे तसेच राहिले. कैदी सुटत असतात आणि नवे येत असतात, म्हणून हाफकिन यांनी रोजच्या हजेरीची सरासरी छेदात धरली. टोचण्याच्या दिवशीच ज्यांच्यात रोग दिसला त्यांना या हिशेबातून बाजूला ठेवले, कारण लशीचा परिणाम सुरू होण्याआधीच जंतू त्यांच्या अंगात शिरलेले होते. मोजणी कोणत्या क्षणापासून सुरू करायची हाही छेदाचाच प्रश्न आहे. असा नियम लावायचा तर तो दोन्ही गटांना सारखा लावावा लागतो.

पुढे न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतले ६ मेले. टोचलेल्यांत २ जणांना झाला आणि दोघेही वाचले. हिशेबाच्या सोयीसाठी टोचलेले १५० आणि न टोचलेले १७५ धरू. लागणीची जोखीम टोचलेल्यांत शेकडा १.३ आणि न टोचलेल्यांत शेकडा ६.९ येते. एकाला दुसऱ्याने भागले तर न टोचलेल्यांची जोखीम सुमारे पाचपट. या भागाकाराला आज सापेक्ष जोखीम म्हणतात.

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “सर, एकूण रुग्ण तर फक्त चौदा. हा योगायोग कशावरून नसेल?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नाण्यांनी देता येते. लस निरुपयोगी असती तर चौदांपैकी प्रत्येक रुग्ण या गटातला की त्या गटातला, हे जवळजवळ नाणेफेकीसारखे ठरले असते. चौदा नाणी उडवली तर एकूण १६,३८४ प्रकारचे निकाल संभवतात. त्यांपैकी दोन किंवा त्याहून कमी छापे पडण्याचे प्रकार १ + १४ + ९१ म्हणजे १०६. साधारण दीडशे वेळा सारी नाणी उडवली तर एकदा असे घडेल. न टोचलेले थोडे अधिक होते हे लक्षात घेऊन हिशेब केला, तर सुमारे सत्तर वेळांतून एकदा. तेव्हा योगायोग अशक्य नाही, पण त्यावर पैज लावावी इतका संभाव्यही नाही.

यापेक्षा अवघड शंका वेगळीच होती. स्वखुशीने पुढे आलेले कैदी अधिक धडधाकट असतील तर? ही शंका नाण्यांनी फिटत नाही, आणि कैद्यांची संख्या दसपट केली तरी फिटत नाही.

उंडेऱ्याची अठ्ठावीस घरे

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंडेरा गावात प्लेग सुरू झाला. तिथे हाफकिन यांनी या शंकेलाच हात घातला. टोचायला कोण पुढे येतो याची वाट न पाहता प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांना लस द्यायची आणि निम्म्यांना तसेच ठेवायचे, अशी योजना केली. एकाच घरातली माणसे म्हणजे गरिबी-श्रीमंती सारखी, अन्न सारखे, उंदीर सारखे. त्या दिवशी गावात हजर असलेल्या ९५० जणांपैकी ५१३ जणांना टोचले आणि ४३७ राहिले.

पुढच्या सुमारे सहा आठवड्यांत २८ घरांमध्ये प्लेग झाला. या घरांचा तक्ता असा:

टोचलेले: ७१. लागण ८, मृत्यू ३.
न टोचलेले: ६४. लागण २७, मृत्यू २६.

हा तक्ता वर्गात फळ्यावर लिहावा आणि मुलांकडून निरनिराळे अपूर्णांक काढून घ्यावेत.

पहिला छेद घरातील माणसांचा. मृत्यूची जोखीम टोचलेल्यांत ७१ पैकी ३ म्हणजे शेकडा ४.२ आणि न टोचलेल्यांत ६४ पैकी २६ म्हणजे शेकडा ४०.६. सापेक्ष जोखीम सुमारे साडेनऊपट. उलट बाजूने सांगायचे तर लशीने मृत्यूची जोखीम जवळजवळ ९० टक्क्यांनी घटली.

दुसरा छेद फक्त रुग्णांचा. टोचलेल्यांत आठ रुग्णांपैकी तीन मेले, म्हणजे शेकडा ३७.५. न टोचलेल्यांत सत्तावीसपैकी सव्वीस, म्हणजे शेकडा ९६. यावरून दिसते की लस घेऊनही ज्यांना रोग झाला, त्यांच्यात तो कमी घातक होता. मात्र ही जोखीम निरोगी माणसाची नाही, आजारी पडलेल्याची आहे. बोस्टनमध्ये जो घोळ होण्यासारखा होता तोच इथेही होऊ शकतो.

तिसरा छेद साऱ्या गावाचा. आता टोचलेल्यांत ५१३ पैकी ३ मृत्यू, शेकडा ०.६. न टोचलेल्यांत ४३७ पैकी २६, शेकडा ५.९. सापेक्ष जोखीम पुन्हा सुमारे दहापट आणि घट पुन्हा ९० टक्के. पण वजाबाकी करून पाहा. प्लेग शिरलेल्या घरांत दोन जोखमींतला फरक शेकडा ३६ होता. गावभरचा फरक शेकडा साडेपाचाहूनही कमी आहे. म्हणजे प्लेगच्या घरांत सुमारे तिघांना टोचले तर एक मृत्यू टळला आणि गाव धरले तर सुमारे एकोणीस जणांना टोचल्यावर एक टळला. एका मृत्यूमागे किती जणांवर उपचार करावे लागले, हे सांगण्याची ही रीत वैद्यकात अलीकडे रुळली. १९८८ साली लोपासिस, सॅकेट आणि रॉबर्ट्स या तिघांनी तिला नाव दिले. आकडे मात्र उंडेऱ्यात नव्वद वर्षे आधीच तयार होते.

भागाकार आणि वजाबाकी यांतला हा फरक डॉक्टरांनाही चकवतो. ‘जोखीम ९० टक्क्यांनी घटली’ हे वाक्य दोन्ही छेदांना लागू आहे. पण ज्याच्या घरात प्लेग आहे त्याच्यासाठी आणि ज्याच्या गावात नुकता आला आहे त्याच्यासाठी त्याचा अर्थ वेगळा आहे. जिथे मुळात जोखीम लाखात दोन आहे, तिथे ती निम्मी झाली तर लाखामागे एक माणूस वाचतो. जिथे ती शंभरात चाळीस आहे, तिथे निम्मी झाली तर शंभरामागे वीस वाचतात. जाहिरातीत दोन्हीकडे ‘निम्मी’ हाच शब्द येईल. म्हणून भागाकार वाचला की वजाबाकी विचारावी, आणि लस वा औषध यांचा धोकाही त्याच छेदाने विचारावा.

आणखी एक हिशेब करावा लागतो. न टोचलेल्या ६४ जणांना टोचलेल्यांइतकीच जोखीम असती तर त्यांच्यात २६ ऐवजी सुमारे तीन मृत्यू झाले असते. म्हणजे तेवीस माणसे वाचली असती. लस खरोखर किती उपयोगी आहे हे टोचण्याच्या दिवशी निश्चित माहीत नव्हते. ते त्या निम्म्या लोकांमुळेच कळले. त्यांना काय सांगितले होते, त्यांची संमती विचारली होती का, हे प्रश्न आज पहिल्याने विचारले जातात आणि ते विचारलेच पाहिजेत. वरच्या वर्गात यावर चर्चा घडवून आणता येईल.

एका बाटलीचा छेद

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचली. काही दिवसांत त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही जण मेले. हाफकिन तेव्हा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधील प्रयोगशाळेचे प्रमुख होते. त्यांनी लस करताना कार्बोलिक ॲसिड वगळून नवी पद्धत वापरली होती. ठपका तिच्यावर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले.

१०७ पैकी १९ म्हणजे शेकडा जवळजवळ १८. कोणतीही लस कायमची बंद करावी अशी ही जोखीम आहे. पण हा छेद कारण दाखवत नाही. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या होत्या आणि मेलेल्या सर्वांना ५३-एन या एकाच बाटलीतून टोचले होते. बाटलीनुसार मांडले तर त्या बाटलीचा हिशेब १९ पैकी १९ आणि बाकी चार बाटल्यांचा ८८ पैकी शून्य. एका छेदाने झाकलेली गोष्ट दुसऱ्याने उघडी केली. दोष लशीत असता तर तो सगळीकडे थोडाथोडा दिसला असता. तो एका बाटलीत एकवटला होता. आता प्रश्न उरला तो ती बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली की गावात उघडताना, एवढाच. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता त्याने बूच काढले, हे पुढे आले. जमिनीच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात.

हे सर्वमान्य व्हायला पाच वर्षे गेली. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन निर्दोष असल्याचे मांडले. त्यांना पुन्हा नोकरी मिळाली ती कलकत्त्यात. मुंबईच्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव दिले गेले. परळची हाफकिन संस्था ती हीच.

सारख्याशी सारख्याची तुलना

भायखळ्यातली शंका तिकडे इंग्लंडमध्येही डोके वर काढीत होती. ऑल्मरॉथ राइट यांनी विषमज्वराची लस ब्रिटिश सैनिकांना टोचली होती. त्या आकड्यांची छाननी कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाने १९०४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये केली. निरनिराळ्या ठिकाणचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. त्यातच स्वतःहून लस घेणारा सैनिक बहुधा पाणी उकळून पिणाराही असतो, मग वाचवले कुणी, लशीने की पाण्याने? पिअर्सननी उपाय सुचवला तो असा, की जे तयार आहेत त्या सर्वांची यादी करा आणि त्यांतल्या एकाआड एकालाच टोचा. मग दोन्ही गटांतली माणसे स्वखुशीने पुढे आलेलीच असतील.

१९१५ साली मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल यांनी लशींच्या आकडेवारीवर एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. (मेजर हे ग्रीनवुड यांचे नाव आहे, हुद्दा नव्हे.) त्यात त्यांनी तीन अटी मांडल्या. एक, दोन्ही गटांतली माणसे महत्त्वाच्या सर्व बाबतींत सारखी हवीत. दोन, रोगाशी त्यांचा संबंध येण्याची संधी सारखी हवी. तीन, टोचले की नाही हे ठरवणे आणि रोग झाला की नाही हे ठरवणे, या दोन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. टोचलेल्याला ताप आला तर ‘साधा ताप’ आणि न टोचलेल्याला आला तर ‘विषमज्वर’, असे होता कामा नये.

या अटी उंडेऱ्याला लावून पाहा. दुसरी अट छान पाळलेली दिसते, कारण घर एकच आहे. पहिली बऱ्याच अंशी पाळलेली आहे. तरी घरातल्या कोणत्या निम्म्यांना टोचायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. तिसरी अट मृत्यूच्या आकड्याला फारशी बाधत नाही, कारण मृत्यूबद्दल दुमत होत नाही. लागणीच्या आकड्याला मात्र ती बाधू शकते.

राहिलेली चिठ्ठ्यांची उणीव पुढे भरून निघाली. रोनाल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांत यादृच्छिक निवडीचे तत्त्व रुजवले. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ते क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत आणले. १९४८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोणत्या रुग्णाला औषध मिळणार हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरत होते. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ आणि न मिळालेल्या ५२ पैकी १४ रुग्ण दगावले. आता गट सारखे आहेत की नाहीत, यावर वाद घालायला फारशी जागा उरली नाही.

छेदच नसेल तेव्हा

काही वेळा छेद मिळतच नाही. धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो का, हे पाहण्यासाठी कुणाला चिठ्ठी टाकून सिगारेट ओढायला लावता येत नाही. रिचर्ड डॉल आणि हिल यांनी उलट टोकाने सुरुवात केली. फुप्फुसाचा कर्करोग झालेले ६४९ पुरुष आणि इतर आजारांचे ६४९ पुरुष घेऊन त्यांच्या सवयी विचारल्या. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार कधीही धूम्रपान न केलेले पुरुष पहिल्या गटात २ आणि दुसऱ्यात २७ होते.

यातून जोखीम काढता येत नाही. ६४९ हे आकडे संशोधकांनी स्वतः निवडले आहेत. धूम्रपान करणाऱ्या एकूण माणसांपैकी किती जणांना कर्करोग झाला, हे त्यांत कुठेच नाही. पण एक तुलना करता येते. रुग्णांत ओढणारे आणि न ओढणारे यांचे प्रमाण ६४७ ला २, इतरांत ६२२ ला २७. पहिल्या प्रमाणाला दुसऱ्याने भागले की सुमारे १४ येतात. रोग विरळ असेल तर हा भागाकार सापेक्ष जोखमीच्या जवळ येतो, हे जेरोम कॉर्नफील्ड यांनी १९५१ साली दाखवले. तरीही डॉल आणि हिल तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांना पत्रे पाठवली, उत्तरे आलेल्या सुमारे चाळीस हजारांची यादी केली आणि त्यांतले कोण कशाने मरतात याची नोंद वर्षानुवर्षे ठेवली. आधी छेद पक्का केला, मग अंशाची वाट पाहिली.

वर्गात करून पाहा

एक: आठवडाभर वर्तमानपत्रांतून आरोग्याविषयीच्या बातम्या कापून आणायला सांगा. प्रत्येकीत अंश लाल शाईने आणि छेद निळ्या शाईने अधोरेखित करा. किती कात्रणांत निळी रेघ आहे ते मोजा. ही मोजणीसुद्धा एक अपूर्णांकच होईल.

दोन: चौदा नाणी शंभर वेळा उडवून दोन किंवा कमी छापे किती वेळा पडतात ते पाहा. वर्गाचे पाच गट केले तर हे एका तासात होते.

तीन: शाळेत सर्दीची साथ असेल तेव्हा ‘आपल्या वर्गात सर्दी जास्त की शेजारच्या?’ हा प्रश्न घ्या. नुसती मुले मोजून भागणार नाही. कोण गैरहजर आहे, का गैरहजर आहे, सर्दी कशाला म्हणायचे आणि ते कुणी ठरवायचे, हे सारे प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत उभे राहतात. ग्रीनवुड आणि यूल यांच्या अटी मुले आपण होऊन शोधून काढतात.

या शेवटच्या प्रयोगासाठी लागणारे साधन प्रत्येक शिक्षकाच्या हाताशी आहे. भायखळ्याच्या तुरुंगात आणि उंडेऱ्याच्या घरांत जोखीम मोजता आली, कारण तिथे कोण कोण आहे याची नावानिशी यादी होती. आपल्या टेबलावरचा हजेरीपट ही तशीच यादी आहे.